स्थानिक संघाला प्रेक्षक का लाभत नाहीत?

(नागरा, जिल्हा गोंदिया येथे शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर केलेले भाषण)



नागऱ्यात उभे राहून "लोक का येत नाहीत" या विषयावर बोलणे थोडे धारिष्ट्याचेच आहे. महाशिवरात्रीला येथील प्राचीन शिवमंदिराच्या परिसरात माणसांचा जो समुदाय लोटतो, त्यासाठी आमच्या माहिती खात्याला एका ओळीचेही निवेदन काढावे लागत नाही. पहाटेपासून गोंदियाच्या दिशेने आणि बालाघाटच्या दिशेने माणसे येत राहतात. कोणी कोणाला बोलावलेले नसते, तरी जो तो आपल्याला बोलावणे आहे असे समजून येतो. याउलट, ज्या कार्यक्रमांसाठी आम्ही पत्रके काढतो, ध्वनिक्षेपकाची गाडी फिरवतो, निमंत्रणपत्रिका छापतो, त्यांपैकी कित्येक कार्यक्रमांत मांडलेल्या खुर्च्यांची पांढरी रांग तेवढी डोळ्यांत भरते. हॉकीचा सामना हा त्यांतलाच एक कार्यक्रम होय.

मी कला शाखेचा पदवीधर आहे. मैदानावर कधी चमकलो नाही. हॉकीशी माझा संबंध आला तो नोकरीमुळे, आणि त्याची सुरुवात एका अपराधाने झाली. तो प्रथम सांगून टाकतो, म्हणजे पुढचे बोलणे मला सोपे जाईल.

काही वर्षांपूर्वी विदर्भातील एका जिल्ह्याच्या ठिकाणी मुलींच्या हॉकी स्पर्धा होत्या. जुलै महिना संपत आला होता. शामियाना उभारलेला, सतरंज्या अंथरलेल्या, खुर्च्या दोनशे. उद्घाटन झाले, भाषणे झाली, हॉकीला राष्ट्रीय खेळ म्हणून गौरवण्यात आले. (वास्तविक कोणत्याही खेळाला राष्ट्रीय खेळ म्हणून घोषित करण्यात आलेले नाही, असे केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने २०१२ साली माहितीच्या अधिकारात कळवलेले आहे. परंतु व्यासपीठावर ही गोष्ट अजून पोहोचलेली नाही.) पाहुण्यांनी दोन्ही संघांबरोबर छायाचित्र काढून घेतले आणि ते निघाले. त्यांच्याबरोबर त्यांची मंडळी निघाली. सामना सुरू झाला तेव्हा मी सहज मोजणी केली. राखीव खेळाडू व पंच सोडून मैदानाभोवती एकोणीस माणसे होती, आणि त्यांत रुग्णवाहिकेचा चालक, मंडपवाला व मी स्वतः धरलेलो होतो.

कार्यालयात परतून मी वृत्त लिहिले. त्यात नेहमीच्या सवयीने एक वाक्य गेले : "क्रीडारसिकांनी मोठ्या संख्येने उपस्थित राहून खेळाडूंना प्रोत्साहन दिले." दुसऱ्या दिवशी ते छापून आले. संघाबरोबर आलेले क्रीडाशिक्षक वर्तमानपत्र हातात घेऊन माझ्याकडे आले आणि अत्यंत नम्रपणे म्हणाले, "साहेब, ही गर्दी कोणत्या मैदानावर होती?" मला उत्तर देता आले नाही.

त्या दिवशी मैदानासमोरच्या चहाच्या टपरीवर मी मालकाला विचारले होते, आत कोण खेळते आहे? तो म्हणाला, "बाहेरचे हायेत जी, आपले कोनी नाही." संघाच्या छातीवर त्याच्याच जिल्ह्याचे नाव होते. याहून मनाला लागलेली गोष्ट मला नंतर त्या शिक्षकांकडून कळली. गोलरक्षण करणारी मुलगी तेथून सहा किलोमीटरवरच्या गावची होती. तिचे वडील त्या वेळी बांधीत चिखलणी करीत होते. मुलगी "खेळायला" गेली आहे एवढे त्यांना ठाऊक होते. सामना आज आहे, तो शहराच्या मैदानावर आहे, आणि तो आपण जाऊन पाहू शकतो, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. निमंत्रणपत्रिकांची यादी मी स्वतः तपासली होती. तीत सर्व कार्यालयप्रमुख होते. खेळणाऱ्या मुलींच्या घरचा एकही पत्ता नव्हता.

तेव्हापासून या प्रश्नाचा मी जमेल तसा पाठपुरावा करीत आलो आहे.

हॉकीला प्रेक्षक का नाहीत असे विचारले, की आपल्याकडे एक ठरीव उत्तर मिळते : क्रिकेटने सर्व खेळ गिळले आणि उरलेले दूरचित्रवाणीने. या उत्तरात तथ्य नाही असे नाही. १९२८ पासून १९५६ पर्यंत ओळीने सहा ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवणारा हा खेळ. १९७५ साली क्वालालंपूर येथे आपण पाकिस्तानला २-१ असे हरवून विश्वचषक जिंकला. पुढच्याच वर्षी माँट्रियल येथे ऑलिंपिकमधील हॉकी प्रथमच कृत्रिम हिरवळीवर खेळली गेली आणि आपण सातव्या स्थानी घसरलो. १९८० चे मॉस्कोचे सुवर्णपदक मिळाले ते शेवटचे. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेच्या निमित्ताने रंगीत दूरचित्रवाणी आली आणि तिच्यावर देशाने काय पाहिले, तर अंतिम सामन्यात पाकिस्तानकडून १-७ असा पराभव. त्यानंतर सातच महिन्यांनी, जून १९८३ मध्ये, क्रिकेटचा विश्वचषक आला. लोकांची मने कोठे वळली हे सांगायला नको.

परंतु हे उत्तर पुरे पडत नाही. २०२१ साली टोकियोत एक्केचाळीस वर्षांनंतर ऑलिंपिक पदक मिळाले, २०२४ साली पॅरिसमध्ये पुन्हा मिळाले. दोन्ही वेळा घराघरांत आनंद झाला. जिल्ह्याच्या मैदानावरच्या खुर्च्या मात्र रिकाम्याच राहिल्या. शिवाय आपल्या झाडीपट्टीचाच अनुभव पाहा. दूरचित्रवाणी आली, भ्रमणध्वनी आला, आणि तरीही दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगावी रात्रभराची नाटके तिकीट लावून होतात, आणि थंडीत घोंगडी पांघरून माणसे ती पहाटेपर्यंत पाहतात. जो शेतकरी विनामूल्य असलेला हॉकीचा सामना पाहायला येत नाही, तोच पदरचे पैसे देऊन नाटकाला बसतो. तेव्हा करमणुकीची साधने वाढली म्हणून माणसे येईनाशी झाली, हे म्हणणे आपल्या जिल्ह्यात तरी टिकत नाही.

या नाटकांचा व्यवहार थोडा बारकाईने पाहण्यासारखा आहे. गडचिरोली जिल्ह्यातील वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या कंपन्यांचे माहेरघर. गावातील मंडळ तेथे जाऊन कंपनीशी बोलणी करते आणि ठरावीक रकमेला प्रयोग घेते. मंडप, दिवे, जाहिरात, तिकीटविक्री हे सारे मंडळाकडे. प्रयोग भरला तर नफा गावाचा, पडला तर तोटाही गावाचाच. म्हणून मंडळाचा प्रत्येक सभासद आपल्या सोयऱ्याधायऱ्यांना निरोप धाडतो, आणि साळ्याने व जावयाने आलेच पाहिजे असा घरातून आग्रह होतो. नट मुंबईचा असो की नागपूरचा असो, नाटक "आमच्या गावचे" असते.

आणि ते होते केव्हा? मंडईच्या रात्री, किंवा शंकरपटाच्या रात्री. दिवाळीनंतर आपल्याकडे गावोगावच्या मंडया पाळीपाळीने येतात. एका गावची आज, शेजारच्या गावची उद्या-परवा, म्हणजे पाहुण्याला दोन्हीकडे जाता यावे. धान निघालेले असते, हातात चार पैसे असतात, घरात लेकी-जावई आलेले असतात. दिवसा पट, रात्री नाटक. शंकरपट मध्यंतरी थांबले होते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने बैलांच्या शर्यतींवर बंदी आली, डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. इतकी वर्षे पट बंद राहिला असताना लोक त्याला विसरले का? दाव्यावरच्या जोडीचे नाव, तिच्या मालकाचे नाव, तिने कोणत्या गावचा पट मारला होता, हे सर्व माणसांच्या ओठांवर होते. आमच्या स्पर्धेतील मुलींची नावे त्यांच्या स्वतःच्या तालुक्यातही कोणाला माहीत नव्हती.

येथे मला या विषयाचे मर्म सापडते असे वाटते. आपण प्रेक्षकाला पाहुणा समजतो. खेळ आपण ठरवायचा, दिवस आपण ठरवायचा, संघाचे नाव आपण ठेवायचे, आणि सर्व सिद्ध झाल्यावर त्याने येऊन टाळ्या वाजवायच्या. तो येत नाही, कारण त्या खेळात त्याचे काही जाणार नाही आणि त्याला काही मिळणारही नाही. संघ हरला तर त्याला दुसऱ्या दिवशी कोणी चिडवणार नाही. चिडवणे ही गोष्ट मी गांभीर्याने सांगतो आहे.

कोल्हापूरचे उदाहरण घ्या. ते शहर कुस्तीचे म्हणून आपण ओळखतो, पण तेथील फुटबॉल ज्याने पाहिला नाही त्याला स्थानिक संघ म्हणजे काय याची कल्पना येणार नाही. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा तालीम, प्रॅक्टिस क्लब ही तेथील संघांची नावे. बहुतेक नावे तालमींची आणि मंडळांची आहेत. शाहू स्टेडियमवर त्यांचे सामने लागतात तेव्हा हजारो माणसे जमतात, आणि सोमवारी सकाळी पेठेच्या चौकात हरलेल्या बाजूच्या माणसाला मान खाली घालून दूध आणावे लागते. ईर्ष्या कधी हद्दीबाहेर जाते आणि पोलिसांना लक्ष घालावे लागते, हेही खरे. त्याचा पुरस्कार मी करीत नाही. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. या तालमींनी मधल्या काळात आफ्रिकेतून आलेले खेळाडूही आपल्या संघांत घेतले, आणि पेठेने त्यांना खांद्यावर घेतले. खेळाडू गावचाच पाहिजे असा प्रेक्षकाचा हट्ट नसतो. अंगातला सदरा आपल्या तालमीचा असला म्हणजे झाले. याच मातीतून अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला.

आता त्याच राज्यातील पुणे पाहा. २००७ साली स्थापन झालेला पुणे फुटबॉल क्लब राष्ट्रीय साखळीत २०१२-१३ च्या हंगामात दुसरा आला. खेळ उत्तम, व्यवस्था उत्तम, मैदान बालेवाडीचे, म्हणजे १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी बांधलेल्या भव्य संकुलातले. परंतु बालेवाडी शहराच्या जुन्या वस्तीपासून दूर. पेठेतला मुलगा सायकलवर तेथे जाणार नाही, आणि सामना संपल्यावर परतायचे कसे ही विवंचना मोठ्या माणसालाही. काही वर्षांत तो संघ बंद झाला. नंतर २०१४ साली नव्या साखळीतला एफसी पुणे सिटी आला आणि २०१९ मध्ये त्याची जागा हैदराबादच्या संघाने घेतली. एक जागा एका शहरातून उचलून दुसऱ्या शहरात ठेवता येते. तालमीचे तसे नसते. तालीम तोट्यात गेली म्हणून कोणी ती सोलापूरला हलवीत नाही.

हॉकीतील व्यावसायिक साखळ्यांचा इतिहास तर आणखी बोलका आहे. २००५ साली प्रीमियर हॉकी लीग सुरू झाली. तीत आपला म्हणून मराठा वॉरियर्स नावाचा संघ होता आणि धनराज पिल्ले त्याचा नायक. खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत मोडक्या काठ्यांनी खेळून मोठा झालेला हा खेळाडू महाराष्ट्राने डोक्यावर घ्यावा असाच. पण त्या पहिल्या हंगामाचे सर्व सामने हैदराबादला झाले. मराठा वॉरियर्सला घर असे नव्हतेच. खडकीतल्या पोरांनी त्याला पाहायचे ते पडद्यावर. ती साखळी २००८ नंतर थांबली. २०१२ साली वर्ल्ड सिरीज हॉकी आली व एका हंगामात संपली. २०१३ साली हॉकी इंडिया लीग आली. मुंबई मॅजिशियन्स हा तिचा मुंबईचा संघ. चर्चगेटजवळचे हॉकी मैदान हे त्याचे घर ठरले. परंतु पाकिस्तानी खेळाडूंच्या सहभागावरून निदर्शने झाली, ते खेळाडू मायदेशी परत गेले आणि मुंबईचे घरचे सामने मुंबईबाहेर हलवण्यात आले. त्या वर्षी हा संघ तळाला राहिला, पुढच्या वर्षीही तेच झाले, आणि मग त्याच्या जागी दबंग मुंबई हा नवा संघ आला. तो २०१७ मध्ये अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला, तर साखळीच थांबली. ती २०२४ च्या अखेरीस पुन्हा सुरू झाली तेव्हा तीत महाराष्ट्राचा संघ नव्हता. त्या हंगामात पुरुषांचे बहुतेक सामने राउरकेल्याला झाले. हैदराबाद, तामिळनाडू अशी नावे सदऱ्यावर लिहिलेले संघ ओडिशात एकमेकांशी खेळले.

या लोकांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. साखळी चालवायला पैसा लागतो, कृत्रिम हिरवळ लागते, आणि ती बसवायला कोट्यवधी रुपये लागतात. प्रवासाचा खर्च वाचतो म्हणून एकाच ठिकाणी सामने घेण्यात येतात. हिशेब बरोबर आहे. परंतु दहा-बारा वर्षांत तीन-चार नावे बदलणाऱ्या संघाशी नाते जोडायचे कसे, हा प्रेक्षकाचा हिशेबही चुकीचा नाही.

हा प्रकार आपल्याच देशात आहे असेही नाही. अमेरिका व कॅनडात बर्फावरच्या हॉकीचे फार वेड. तेथे मोठ्या साखळीच्या खाली १९३६ पासून एक दुय्यम साखळी चालते. तिच्यातील प्रत्येक संघ एखाद्या मोठ्या संघाशी बांधलेला असतो. लहान शहरातील प्रेक्षकाला एखादा मुलगा आवडू लागतो, त्याचे नाव पाठ होते, तोच एके दिवशी वरून बोलावणे येते आणि तो मुलगा रातोरात निघून जातो. मालकाला परवडेनासे झाले तर सबंध संघच दुसऱ्या शहरी जातो. अशा शहरांतील लोक संघावर जीव लावण्यापूर्वी दोनदा विचार करतात, त्यात नवल काय? त्याच देशात ग्रीन बे नावाचे एक गाव आहे. वस्ती एक लाखाच्या थोडी वर, म्हणजे २०११ च्या जनगणनेतील आपल्या गोंदिया शहराहूनही कमी. तेथील फुटबॉल संघ (त्यांचा फुटबॉल निराळा, चेंडू हातात घेऊन पळण्याचा) १९२३ पासून नागरिकांच्या भागभांडवलावर चालतो. भागधारकाला लाभांश नाही, आणि नफ्यासाठी भाग विकण्याची मुभाही नाही. तरी त्यांच्या मैदानात ऐंशी हजारांवर प्रेक्षक बसतात. मोठमोठ्या शहरांचे संघ जागा बदलत राहिले. हा संघ शंभर वर्षे त्या लहान गावीच आहे.

इतके दूर जाण्याचीही गरज नाही. आपल्याच रेल्वेमार्गावर, डोंगरगडच्या पुढे राजनांदगाव आहे. संस्थानी काळातील राजाच्या स्मरणार्थ तेथे महंत राजा सर्वेश्वरदास स्मृती हॉकी स्पर्धा भरते आणि देशभरचे संघ येतात. त्या गावाला हॉकीची रोपवाटिका म्हणतात. गिरणी कामगारांचे ते गाव. गिरणी बंद पडली तरी खेळ राहिला. हा सबंध पट्टाच एकेकाळी बंगाल-नागपूर रेल्वेचा, आणि त्या रेल्वेचे हॉकीशी जुने नाते. १९४८ ते १९६० या काळात तीन सुवर्ण व एक रौप्य अशी चार ऑलिंपिक पदके मिळवणारे लेस्ली क्लॉडियस याच मार्गावरील बिलासपूरला जन्मले. गोंदिया हे त्या रेल्वेचे मोठे जंक्शन. म्हणजे हॉकी आपल्याकडे सातासमुद्रापलीकडून आज आलेली नाही. ती आपल्या फलाटावरून अनेकदा गेलेली आहे.

ओडिशाचा सुंदरगड आणि झारखंडचा सिमडेगा हे जिल्हे आपल्यासारखेच धानाचे, जंगलाचे, आदिवासी वस्तीचे. तेथे गावागावांत "खस्सी" स्पर्धा होतात. जिंकणाऱ्या संघाला बक्षीस म्हणून बकरा मिळतो आणि संध्याकाळी गावात जेवण होते. मैदान मातीचे, काठी कधी बांबूची, पायात बूट असलेच तर असतात. चारशेहून अधिक आंतरराष्ट्रीय सामने खेळलेले दिलीप तिर्की सुंदरगडमधील सौनामारा गावचे. अमित रोहिदासही त्याच गावचे. राउरकेल्याला २०२३ साली वीस हजारांहून अधिक आसनांचे बिरसा मुंडा स्टेडियम बांधण्यात आले आणि ते भरले, याचे श्रेय लोक बांधकामाला देतात. माझ्या मते ते त्या बकऱ्याकडेही जाते. प्रेक्षक आधी तयार झालेला होता, स्टेडियम नंतर आले. आपण बहुधा उलट क्रमाने जातो. क्रीडांगण विकासाचे अनुदान आले की प्रथम संरक्षक भिंत बांधतो, मग प्रेक्षक दीर्घा, मग नामफलक. भिंत उभी राहिली की बाहेरून जाणाऱ्याला आत काय चालले आहे ते दिसतही नाही.

आता नागऱ्यापुरते आणि आजूबाजूच्या गावांपुरते बोलतो. आपण येथे शाळांचा आणि तरुणांचा मिळून हॉकीचा संघ उभा करू पाहत आहात, आणि प्रेक्षक येतील का ही आपली चिंता आहे. मला अधिकार सल्ला देण्याचा नाही, पण पाहिलेले सांगतो. शालेय स्पर्धांचे वेळापत्रक पावसाळ्यात सुरू होते, म्हणजे ऐन रोवणीत. ते राज्याचे वेळापत्रक आहे, ते आपल्याला बदलता येणार नाही. परंतु गावचा सामना आपल्या हातात आहे. तो धान निघाल्यावर ठेवावा. मंडईच्या दिवशी दुपारी, किंवा पटाच्या आदल्या दिवशी ठेवला तर पाहुणेही येतील. हॉकीचे पूर्ण मैदान मिळत नसेल तर लहान मैदानावर पाच-पाच खेळाडूंचा सामना होतो. त्या प्रकाराला आंतरराष्ट्रीय संघटनेचीही मान्यता आहे. मातीवर चेंडू उसळतो आणि कौशल्य दिसत नाही, असे जाणकार म्हणतील. त्यांचे खरे आहे. तथापि पहिली दोन-तीन वर्षे कौशल्यापेक्षा, शेजारच्या गावाला आपल्या पोराने गोल मारला हे दिसणे महत्त्वाचे.

संघाला इंग्रजी नाव देऊ नये, एवढे मात्र आग्रहाने सांगतो. वाघ, सिंह, योद्धे आता पुरेसे झाले. गावाचे किंवा टोलीचे नाव असू द्या.

खर्चाचा भार एकट्या पंचायतीने उचलू नये. यात मला नाटक मंडळांची रीत फार शहाणपणाची वाटते. ज्याने दहा रुपये दिले तो सामना पाहायला येतोच, निदान आपले दहा रुपये कोठे गेले हे पाहायला तरी. शिक्षकांना माझी विनंती निराळी आहे. सामन्यापूर्वी ध्वनिक्षेपकावर मान्यवरांची नावे वाचली जातात. त्याऐवजी खेळाडूंची नावे वाचावीत, बापाच्या नावासह, आईच्या नावासह, गावासह. आणि सामन्याच्या आधी त्या त्या घरी कोणी तरी जाऊन सांगावे. चिठ्ठी मुलाजवळ देऊ नये, ती दप्तरातच राहते.

ती गोलरक्षक मुलगी मला पुन्हा दिसली ती दुसऱ्या वर्षी. त्याच क्रीडाशिक्षकांनी या वेळी जिल्ह्याच्या मैदानाचा नाद सोडून, माघ महिन्यात, तिच्याच गावच्या आखरावर शेजारच्या गावाशी सामना ठरवला होता. मला त्यांनी निमंत्रण दिले ते थोडे हसून. मंडप नव्हता. चुन्याच्या रेघा वाकड्या होत्या. गोलाला जाळी म्हणून मासे धरण्याचे जुने जाळे बांधले होते. गावातली ढिवर मंडळी ते आपण दिले म्हणून त्याच्या मागेच बसून होती, आणि चेंडू त्यात अडकला की आपले जाळे कसे पक्के आहे याची चर्चा करीत होती. मुलीचे वडील दोरीला धरून उभे होते. सामना त्यांना फारसा समजत नसावा, कारण पंचाने शिटी वाजवली की ते दर वेळी शेजाऱ्याला विचारीत, "का झालं जी?" मुलीने एक चेंडू पायाने अडवला तेव्हा मात्र त्यांनी कोणाला विचारले नाही.

त्यांचे गाव हरले, एकास दोन. संध्याकाळपर्यंत शेजारच्या गावची मुले चिडवीत होती, आणि परतीचा सामना कधी, यावर दोन्ही बाजूंच्या बापयांची बोलाचाली चालली होती.

मी या वेळी नीट मोजणी केली आणि वृत्तात आकडा लिहिला : एकशे त्रेसष्ट. संपादकांनी तो काढून टाकला आणि त्या जागी "मोठ्या संख्येने" असे छापले.